आधी गिअरबॉक्स, मग ताकद: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे 2015 ची स्कोडा ऑक्टाविया 1.8 टीएसआय आहे. गिअरबॉक्स सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित) असून गाडी 1,12,000 किलोमीटर चालली आहे. एका ट्यूनरने रिमॅप (इंजिनाच्या संगणकातील प्रोग्रॅममध्ये बदल) करून 180 ची 230 अश्वशक्ती करून देतो असे सांगितले आहे. मात्र गेल्या चार-पाच महिन्यांपासून सोसायटीच्या चढावरून बाहेर पडताना आणि वाहतुकीत हळू चालताना, विशेषतः दुसऱ्या गिअरमध्ये, गाडी थरथरते. रिमॅपनंतर ही थरथरही जाईल, असे ट्यूनरचे म्हणणे आहे. काम करून घ्यावे का? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर: थरथर रिमॅपने जाणार नाही; ती वाढेल, आणि वाढून काही महिन्यांत आपल्याला रस्त्याच्या कडेला उभे करील अशी शक्यताच अधिक आहे. म्हणून आपल्या प्रश्नाचा क्रम मी बदलतो आणि गिअरबॉक्सविषयी आधी लिहितो.

आपल्या गाडीतील गिअरबॉक्सला डीक्यू 200 म्हणतात. वाहनचालकाच्या दृष्टीने तो स्वयंचलित असला, तरी आत दोन कोरडे क्लच आहेत आणि ते साध्या गाडीतल्या क्लचप्रमाणेच घासून झिजतात. पहिला क्लच 1, 3, 5 आणि 7 हे गिअर चालवतो, तर दुसरा 2, 4, 6 आणि रिव्हर्स. गाडी सुटतानाची थरथर पहिल्या क्लचकडे बोट दाखवते आणि दुसऱ्या गिअरमधली दुसऱ्याकडे. आपल्या पत्रात दोन्ही तक्रारी आहेत, त्यामुळे दोन्ही क्लच झिजण्याच्या मार्गावर आहेत असे मानून चालावे लागेल. हे क्लच तेलात बुडालेले नसल्याने घर्षणाची उष्णता वाहून न्यायला तेल नसते, आणि हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत गाडी तासभर इंचाइंचाने पुढे सरकते तेव्हा क्लच तासभर अर्धवट दाबलेल्या स्थितीत घासत राहतो.

गेल्या पावसाळ्यात परिचयाच्या एका गॅरेजमध्ये असाच एक क्लच संच उतरवलेला पाहिला. कारागिराने तो वर्तमानपत्रावर ठेवला होता आणि उचलताना खाली काळ्या भुकटीचे वर्तुळ उमटले. दाबपट्टीवर निळसर-जांभळे चट्टे होते, म्हणजे पोलाद तापून त्याचा रंग पालटला होता, आणि घर्षणपट्टीची जाडी एका बाजूला नखाएवढीही उरली नव्हती. ती गाडी एक लाख किलोमीटरही चाललेली नव्हती, पण रिमॅप केलेली होती.

आता ताकदीचे गणित पाहू. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे हे इंजिन मिनिटाला 1,250 ते 5,000 फेऱ्यांपर्यंत 250 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते आणि तो या संपूर्ण पट्ट्यात सपाट राहतो. इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बो याहून अधिक हवा भरू शकतो. ही सपाट रेघ इंजिनाच्या दमामुळे आलेली नाही, ती गिअरबॉक्ससाठी आखलेली आहे, कारण डीक्यू 200 ची रचनाच 250 न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी झाली आहे. याच इंजिनाला युरोपात चारही चाकांना ताकद देणाऱ्या ऑक्टावियात, तेलात बुडालेल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी जोडला गेला, तेव्हा कंपनीने टॉर्क 280 ठेवला. म्हणजे मर्यादा कोणाची होती हे कंपनीनेच दाखवून दिले आहे.

अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या, भागिले 7,024. त्यामुळे 5,500 फेऱ्यांना 230 अश्वशक्ती हवी असेल तर तेथे साधारण 294 न्यूटन मीटर टॉर्क लागतो. ट्यूनर मात्र 5,500 फेऱ्यांवर थांबत नाही. गाडी चालवून पाहणाऱ्याला फरक जाणवतो तो 2,000 ते 3,000 फेऱ्यांच्या दरम्यान, म्हणून टॉर्कची सर्वांत मोठी वाढ तो तेथेच करतो, आणि क्लचला सर्वाधिक ताण नेमका तेथेच बसतो. ज्या क्लचची पकड आज सोसायटीच्या चढावर सुटते आहे, त्याच्यावर 250 ऐवजी सव्वातीनशे न्यूटन मीटर टाकणे मला कोणत्याही दृष्टीने योग्य वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. प्रथम या गाड्यांचे काम नेहमी करणाऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून दोन्ही क्लचची झीज, त्यांच्या तापमानाच्या नोंदी आणि मेकॅट्रॉनिकमधील (गिअर व क्लच हलवणाऱ्या नियंत्रक भागातील) चुकांचे कोड वाचून घ्यावेत. पी17बीएफ हा कोड दिसला, तर मेकॅट्रॉनिकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घरात दाबसाठवणीच्या टाकीपाशी तडा गेल्याचा संशय घ्यावा, कारण ही या गिअरबॉक्सची जुनी आणि परिचित दुखापत आहे. क्लच बदलायचा ठरला तर संपूर्ण संच बदलावा, बेअरिंग व फोर्क त्याच वेळी नवे घालावेत, आणि मोजपट्टीने अंतर मोजून योग्य जाडीच्या चकत्या बसवल्या जातील याची खात्री करावी. अंदाजाने चकती बसवणाऱ्या कारागिराकडे हे काम देऊ नये. तशाने नवा क्लचही दोन महिन्यांत थरथरू लागतो. काम झाल्यावर स्कॅनरवरून संगणकाला नव्या क्लचची ओळख करून देणे, म्हणजे अ‍ॅडॅप्टेशन करणे अनिवार्य आहे.

त्याच वेळी इंजिनाकडेही पाहावे. इंटेक मॅनिफोल्डखाली पाण्याच्या पंपाचे व थर्मोस्टॅटचे प्लॅस्टिकचे घर असते; त्याच्या सांध्यावर वाळलेला गुलाबी थर दिसला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, झिरपत आहे. स्पार्क प्लग नवे घालावेत. हे सर्व झाल्यावर आणि नवा क्लच काही हजार किलोमीटर शांतपणे चालल्यावर आपल्याला रिमॅप हवाच असेल, तर ट्यूनरला स्पष्ट सांगावे की खालच्या फेऱ्यांमधील टॉर्क आहे तितकाच राहू द्या आणि तो 5,000 नंतर लवकर पडणार नाही एवढेच पाहा. 250 न्यूटन मीटर 6,000 फेऱ्यांपर्यंत टिकला तर गणिताने साधारण 214 अश्वशक्ती होते. या गाडीचा टर्बो लहान असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळेल, पण गाडी वरच्या फेऱ्यांत मोकळी वाटेल आणि क्लचवर जादा भार येणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात इंटरकूलरमधून (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागातून) येणारी हवा तापते आणि संगणक प्रज्वलन मागे ओढून, म्हणजे ठिणगीची वेळ बदलून, इंजिन वाचवतो, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी काढलेला ताकदीचा आलेख पाहून निर्णय घेऊ नये. दुपारी, घाट चढून आल्यावर, हवेचे तापमान आणि प्रज्वलनाच्या नोंदी मागाव्यात.

ऑक्टाविया आरएसचा (याच गाडीच्या अधिक ताकदीच्या आवृत्तीचा) सहा गिअरचा गिअरबॉक्स बसवण्याविषयीही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. त्यासाठी माउंट, एक्सल, वायरिंग, दोन्ही संगणक आणि त्यांची चोरीरोधक जुळणी एवढे सगळे बदलावे लागते. तो खर्च आणि आपल्या गाडीची आजची किंमत यांची बेरीज केली, तर 2017 ची 230 अश्वशक्तीची आरएस शोधून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रश्न: वडिलांची 2011 ची स्कोडा सुपर्ब 1.8 टीएसआय ऑटोमॅटिक आम्हाला विकायची नाही. दर 1,500 किलोमीटरला एक लिटर ऑइल घालावे लागते. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन बांधा. हा खर्च योग्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: इंजिन उघडण्याआधी दोनशे-चारशे रुपयांचीही नसलेली एक तपासणी करावी. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून पाहावे. झाकण आतून जोराने ओढले जात असेल, इंजिनाचा आवाज बदलत असेल किंवा शिट्टीसारखा आवाज थांबत असेल, तर वाफ परत नेणाऱ्या पीसीव्ही झडपेचा पडदा फाटलेला असू शकतो. तेवढी झडप बदलून पुढचे 1,000 किलोमीटर ऑइल मोजावे.

तरीही ऑइल उतरत राहिले, तर दोष पिस्टनमध्ये आहे असे समजावे. त्या पिढीच्या 1.8 इंजिनातील ऑइल रिंग (सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल खरवडणाऱ्या पिस्टनवरच्या कड्या) बारीक आहेत आणि त्यांच्यामागील ऑइल परतण्याची छिद्रे लहान आहेत. ती कार्बनने बुजली की सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल खाली न जाता जळते. अशा वेळी जुन्याच पिस्टनवर नव्या रिंगा चढवणे म्हणजे तोच दोष पुन्हा आत ठेवणे होय. सुधारित रिंगांचे व मोठ्या छिद्रांचे पिस्टन घ्यावेत, आणि त्यांच्या पिनेची जाडी आपल्या कनेक्टिंग रॉडशी जुळते हे सुटे भाग मागवण्याआधी मोजून घ्यावे. ब्लॉक बिडाचा असल्याने होनिंग (सिलिंडर आतून घासून सारखे करणे) उत्तम होते, पण 82.5 मिलिमीटरच्या बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाची, झीज वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजल्याशिवाय मोठा बोअर करण्यास संमती देऊ नये. हेडचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात.

आणि कृपया टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, विसरू नका. या इंजिनाचा जुना टेन्शनर माघारी सरकतो, चेन दात सोडते आणि पिस्टन झडपांवर आदळतो. इंजिन बांधून महिनाभरात केवळ या एका भागामुळे सोळाही झडपा वाकलेले एक इंजिन मी पाहिले आहे, आणि त्या कुटुंबाचा चेहरा अजून आठवतो. सुधारित टेन्शनर, चेन आणि पट्ट्या एकत्रच बदलाव्यात. गाडीचा सांगाडा सुस्थितीत असेल आणि गिअरबॉक्स तक्रारीविना चालत असेल, तर खर्च करावा, असे मी म्हणेन. शेंद्र्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या त्या सुपर्बची मागची बसायची जागा आजच्या दुप्पट किमतीच्या गाड्यांतही सहसा मिळत नाही, आणि वडिलांची गाडी राखण्याची इच्छा हे पुरेसे कारण आहे.

प्रश्न: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) काढून सरळ पाइप बसवल्यास काय अडचण येईल? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: बसवू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या लक्षात आला, तर दावा अडकतो. ट्यूनर संगणकातील इशाऱ्याचा दिवा बंद करून देतो, परंतु त्यामुळे धूर थांबत नाही; तो आपल्या मागे दुचाकीवर असलेल्या माणसाच्या छातीत जातो. टर्बोचा आवाज ऐकण्याचीच हौस असेल, तर मूळ पाइप ठेवून केवळ एअर फिल्टरचे घर बदलल्यानेही तो बराच मोकळा होतो. मात्र तेही विमा कंपनीला लेखी कळवूनच करावे.