चांदवेल की हरणखुरी?

प्रश्न असा आहे: 'गव्हात माजणाऱ्या, पांढऱ्या-गुलाबी फुलांच्या वेलीला आमच्या शिवारात चांदवेल म्हणतात. हर्बेरियमच्या नोंदीत मात्र हरणखुरी सापडतं. बरोबर कोणतं? आणि हर्बेरियमला मराठीत काय म्हणायचं?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. वनस्पतिसंग्रह किंवा वनस्पतिसंग्रहालय हे शब्द आहेत, पण पुस्तकापुरते. बीएस्सीची मुलं आणि त्यांचे सर हर्बेरियमच म्हणतात. मीही तेच म्हणेन.

आता वेल. नावं दोन्ही बरोबर आहेत. हरणखुरी पानावरून पडलं, हिंदीतही हिरनखुरी आहेच. चांदवेलीतला चांद बहुधा फुलावरून आला असावा, हा माझा अंदाज. तणांच्या यादीत हरळी, लव्हाळा, कुंदा यांच्या पंगतीला चांदवेलच बसते. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ साली हिला कॉन्व्हॉल्व्हुलस आर्व्हेन्सिस म्हटलं, म्हणजे शेतातली वेढे घालणारी.

पण नोंदीत एकच नाव दिसलं म्हणून दुसरं चूक ठरत नाही. हर्बेरियम शीट म्हणजे दाबून वाळवलेली फांदी, ती चिकटवलेला जाड कागद आणि कोपऱ्यातली चिठ्ठी. चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक, गाव, तारीख आणि फुलाचा रंग. रंग लिहावाच लागतो, कारण या कुळातली फुलं वाळली की कळकट होतात, पांढरं कोणतं न् गुलाबी कोणतं ओळखू येत नाही. स्थानिक नाव विचारून लिहिलं असेल, तर ती साक्ष असते: या गावात, या दिवशी, याच झाडाला हा शब्द वापरला गेला. तेवढीच. शेजारच्या तालुक्यात काय म्हणतात, याबद्दल ती काही बोलत नाही.

तरी कोशापेक्षा ही साक्ष मला मोलाची वाटते. 'एक प्रकारची वेल' एवढ्यावर भागवणारे कोश काय कमी आहेत? शंखपुष्पीच घ्या. कोणी तिला निळ्या इवल्या फुलांची विष्णुक्रांता समजतं, कोणी चांदवेलीची सख्खी बहीण, तर कोणी चक्क गोकर्ण. शब्द तोच, पण औषधात झाड वेगळं. इथे कागदावर चिकटवलेली फांदीच निकाल देते.

(याच कुळातली समुद्रकाठची मर्यादवेल बघा. तिचं पान खरोखर दुभंगलेल्या खुरासारखं, शास्त्रीय नावही 'शेळीचा पाय' या अर्थाचं. आपल्याकडे मात्र खूर सोडून समुद्राची मर्यादा दिसली! आणि बेशरमही याच घरातली. तोडून फेकली तरी पडेल तिथे मुळं धरते. ते नाव कोणाला समजावून सांगावं लागत नाही.)

मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या जुन्या संग्रहांत नावं शोधणार असाल, तर एक सांगून ठेवतो. जुन्या चिठ्ठ्या बहुतेक रोमन लिपीत आहेत. त्या लिपीत द-ड, न-ण, ल-ळ या जोड्या एकेका अक्षरात उरकतात. पाणथळीतल्या नाळीच्या भाजीचं नाव रोमनमधून परत वाचताना नाळी, नाली, नली, नळी यांपैकी काहीही होऊ शकतं. म्हणून रोमन चिठ्ठीवरून मराठी नाव थेट उतरवू नका, त्या भागातल्या माणसाच्या तोंडून एकदा ऐका. आणि तुमच्या शिवारातली चांदवेल दाबून ठेवलीत, तर चिठ्ठीवर नाव देवनागरीतच लिहा.