दोघंही बरोबर वाटतात, मग निबंधात लिहू काय?

प्रिलिम जवळ आली की माझ्याकडे ठाण्याला नौपाड्यात हे वाक्य ठरलेलं, "मॅडम, इंग्लिश फाडफाड बोलते हो, पण लिटरेचरला ते दोन पात्रांची दोन मतं, चर्चा करा, असला प्रश्न आला की हिची गाडी अडते." आयसीएसईवाले येतात, आयबीवाले येतात, एफवायबीएची मुलंसुद्धा. पालकांना वाटतं ट्यूशन बदलावी. मी समुपदेशक, काही इंग्लिशची टीचर नाही, पण इतक्या मुलांशी बोलून माझं मत पक्कं झालंय की बहुतेकांची अडचण भाषेची नसतेच.

घोडबंदर रोडची एक मुलगी (ओळखीचे तपशील बदललेत), दहावीत, नाटक शेक्सपिअरचं ज्युलियस सीझर. प्रोजेक्टचा निबंध घेऊन आली होती. अर्धं पान, सीझर महत्त्वाकांक्षी म्हणून त्याला मारणारा ब्रूटस काय म्हणतो, अर्धं पान सीझरचा मित्र अँटनी काय म्हणतो, आणि शेवटी 'दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत'. खाली टीचरचा लाल शेरा, तुझं मत काय?

"मी कोण ठरवणारी?" ती म्हणाली. "आणि चुकलं तर?"

घरी अकरावीवरून आईबाबांचं वाजत होतं, आई म्हणे सायन्स, बाबा म्हणे कॉमर्स, आणि ही दोघांनाही हो म्हणून मोकळी. कुणाला दुखवायचं नाही ही सवय निबंधातही आली होती हे माझ्या लगेच लक्षात आलं, पण मी तेव्हा बोलले नाही. घरच्या भांडणापेक्षा रोमचं भांडण बोलायला सोपं असतं, म्हणून नाटकातूनच गेले. हे सगळं दोनचार भेटींत झालं, इथे एकत्र करून सांगतेय.

मी विचारलं, "सीझरला मुकुट देऊ केला, त्याने किती वेळा नाकारला?"

"तीनदा."

"तिथे हजर असलेला कास्का काय म्हणतो?"

"की दर वेळी नाही म्हणणं जरा मवाळ होत गेलं, मनातून त्याला हवाच होता."

"आणि अँटनी?"

"तो म्हणतो, तीनदा नाकारला, मग हा कसला महत्त्वाकांक्षी?"

"बरं. आणि तुला काय दिसलं?"

ती पुस्तक चाळायला लागली, पुढेमागे. मी गप्प बसले, अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये हे मला माझ्या अनुभवाने शिकवलंय. मग ती एकदम म्हणाली, "मॅडम, तो सीन नाहीच आहे! ब्रूटस आणि कॅशियस बोलत असतात आणि बाहेरून नुसता ओरडा ऐकू येतो. आपल्याला दाखवलंच नाही."

"मग आपल्याला कोण सांगतंय?"

"कास्का... तो तर सीझरला मारायच्या कटात जातो. आणि अँटनी, त्यानेच तर मुकुट पुढे केला होता!" आणि मग हळूच, "म्हणजे शेक्सपिअरने मुद्दाम लपवलंय?"

खरं सांगू, त्या प्रश्नासाठी मी हे काम करते. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी, घटना वेगळी आणि आपण तिला दिलेला अर्थ वेगळा हे रोजच सांगत असते, एपिक्टेटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानेही हेच सांगितलंय, पण हे मुलीने स्वतः शोधून काढलं की त्याची मजा और असते. मग पुढचं तिचं तिनेच भराभर काढलं. सीझरची बायको कल्पुर्निया, तिच्या स्वप्नात सीझरच्या पुतळ्यातून रक्त वाहतं, तिच्यासाठी तो अपशकुन, आणि कटातल्या डेशियसला सीझरला सिनेटमध्ये न्यायचंच असतं म्हणून तो त्याच रक्ताचा शुभ अर्थ लावतो. स्वप्न एकच.

तर मुलांनो (आणि पालकांनो, तुम्हीही वाचताय माहितीये), कोण खरं बोलतंय इथून सुरुवात केली की अडकायलाच होतं. आधी अशी एक गोष्ट शोधा जिच्याबद्दल दोन पात्रं वेगवेगळं बोलतात. मग बघा, हा कुणासमोर बोलतोय, त्याला काय हवंय, आणि काय गाळतोय. ब्रूटस सीझरच्या अंत्यविधीला गद्यात बोलतो, कारणं देतो, सीझरपेक्षा रोमवर प्रेम जास्त म्हणतो आणि निघून जातो. अँटनी पद्यात बोलतो, सीझरच्या जखमा दाखवतो, त्याचं मृत्युपत्र काढतो, प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा. आणि तो शेवटी बोलतो. हा क्रम लेखकाने लावलाय, म्हणजे तिसरी बाजू लेखकाची, आणि मार्क्स खरे तिथे असतात. लगेच पुढच्या सीनमध्ये भाषण ऐकणारी तीच गर्दी सिन्ना नावाच्या कवीला, कटातल्या एकाचं नाव तेच म्हणून, नुसत्या नावावरून मारते, हे निबंधात आलं नाही तर भाषणाचा परिणाम काय झाला ते राहूनच जातं. मत देताना एकाच पात्राला पूर्ण मार्क द्यायची गरज नाही, ब्रूटसचा हेतू पटला पण माणसं ओळखण्यात तो कच्चा, असंही मतच असतं, फक्त त्याला नाटकातला पुरावा हवा.

तिच्या नव्या निबंधाची सुरुवात अशी होती, सीझर महत्त्वाकांक्षी होता का हे नाटक आपल्याला बघू देत नाही, फक्त ऐकवतं, आणि ऐकवणारे दोघंही त्यात गुंतलेले आहेत. मी वाचून खुर्चीत मागे टेकले, थोडा माझाही वाटा आहे म्हटलं. सायन्स-कॉमर्सचं अजून ठरायचंय, पण घरी तिने "मला विचार करायला वेळ द्या" असं दोघांसमोर एकत्र सांगितलं.

गाइड घ्यायची का असं नेहमी विचारतात. घ्या, पण आधी सीन स्वतः वाचून एक तरी वाक्य आपलं लिहा आणि मगच ती उघडा.