चोपड्याच्या जिनिंगमधले कॅमेरे जळगावात बसून मोबाईलवर कसे बघायचे?

तुमच्याकडे डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आहे आणि नेट सिमवालं, म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे राऊटरमधून बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट उघडण्याच्या, मागे लागू नका भाऊ. सिमच्या नेटवर स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा नेटवरचा पत्ता) बहुधा मिळत नाही, त्यामुळे ते चालतच नाही. डीव्हीआर लॅन केबलने राऊटरला जोडा, नेटवर्क मेनूत पीटूपी किंवा क्लाउड (कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडणी) चालू करा आणि तिथला क्यूआर कोड डीव्हीआर कंपनीच्या ॲपमधून स्कॅन करा. झालं.

पण त्याआधी पासवर्ड बदला, हे कळकळीने सांगतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने कंपनीचेच पासवर्ड राहिलेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर नि राऊटर ताब्यात घेतले होते. बसवणाऱ्या पोराने ठेवलेला पासवर्डही बदलाच. मुनीमजींना वेगळं, फक्त बघण्यापुरतं खातं द्या.

चित्र अडकत असेल तर मोबाईलवर सब-स्ट्रीम (कमी दर्जाचं, हलकं चित्र) लावा. एका कॅमेऱ्याला साधारण ५१२ केबीपीएस धरा, म्हणजे चार कॅमेऱ्यांना २ एमबीपीएस अपलोड लागेल. स्पीड तपासताना अपलोडच बघा, डाउनलोड नाही.

आणि राऊटर, डीव्हीआर, कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. रात्री लाईट गेली की नेमकं तेव्हाच बघायचं असतं. कापसाच्या गंजीवर एक कॅमेरा हवाच, आगीची भीती तिथेच जास्त.