पेन्सिलने हात काढला की बोटं भेंडीसारखी दिसतात, काय करू?

बोटं सगळ्यात शेवटी काढा, आधी तळव्याचा ठोकळा, मग अंगठ्याखालचा फुगीर भाग. मी देवगडला एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या पोरांना शिकवतो, बहुतेक जण नखापासूनच सुरू करतात आणि मग बोटं भेंडीच होणार ना. माप सोपं आहे, हाताच्या मागच्या बाजूने मधलं बोट मुळाच्या सांध्यापासून धरलं तर मनगटापासून टोकापर्यंतच्या हाताचा साधारण अर्धा भाग भरतो, पण तळव्याकडून तेच बोट आखूड दिसतं कारण बोटांमधली कातडी त्या सांध्याच्या बरीच पुढे येते. आणि सांधे एका रेषेत नसतात, कमानीत असतात, हे चुकलं की शेडिंग कितीही भारी करा, हात लाकडीच दिसतो. सरावाला स्वतःचा डावा हात आहेच, नंतर बंदरावर जाळं शिवणाऱ्यांचे हात बघा, एवढ्या पकडी दुसरीकडे मिळणार नाहीत (आधी विचारून बसा मात्र). फक्त हे माप सरळ पसरलेल्या हाताचं हां, बोट तुमच्याकडे रोखलेलं असेल तर माप विसरा, दिसतो तो आकार काढा. एचबीने हलकी रेघ, सावलीला २बी पुरते, पावसाळ्यात कागद सर्द होतो तेव्हा खोडरबर जपून.