शर्टाला ग्रीस लागलंय? आधी पाणी मारू नकोस

पहिल्याच कार्यक्रमात पांढऱ्या शर्टाला ट्रम्पेटच्या स्लाइडचं (सरकणाऱ्या नळीचं) ग्रीस लागलं ना? आमचं सगळ्यांचंच झालंय. चोळू मात्र नकोस, डाग पसरतो.

चमच्याच्या कडेने ग्रीस अलगद खरवड. वर टाल्कम पावडर टाकून अर्धा तास ठेव, मग झटक. भांडी घासायचं लिक्विड थेंबभर लाव, 15 मिनिटांनी कोमट पाण्यात धू. काळपट कड उरली तर पुन्हा तेच.

डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नाही! मी घाईत फिरवली होती. तो शर्ट आता वाद्य पुसायला आहे. लोकरीचा कोट असेल तर घरी प्रयोग नको, सरळ ड्रायक्लीनला दे आणि डाग कशाचा ते सांग.

आणि हो, ग्रीस लावायचं ते गणवेश चढवण्याआधी.