१६ जीबी रॅम असूनही लिनक्समध्ये 'फ्री' मेमरी इतकी कमी का दिसते?

तुमचा प्रश्न असा, की १६ जीबीपैकी जेमतेम ४०० एमबी 'फ्री' दिसतेय. मग बाकीची गेली कुठे, आणि ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीचे प्रकार वेगवेगळे मोजते का?

मोजते, आणि तुमची रॅम बहुधा कुठेही गेलेली नाही. 'फ्री' सोडा, 'अव्हेलेबल' (प्रोग्रॅमना खरोखर मिळू शकेल इतकी मेमरी) बघा. डिस्कवरून वाचलेल्या फाइली कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) रॅममध्ये धरून ठेवतो. हीच पेज कॅश. एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की कर्नल ही कॅश सोडून देतो. एखादी मोठी फाइल कॉपी करून लगेच टर्मिनलमध्ये 'फ्री -एच' (free -h) ही कमांड चालवा: 'बफ/कॅश'चा रकाना फुगलेला दिसेल, 'अव्हेलेबल' मात्र जवळपास जागच्या जागी. 'अव्हेलेबल'चा आकडा २०१४ मधल्या ३.१४ कर्नलपासून मिळतो. त्याआधी लोक फ्री आणि कॅशची बेरीज करायचे, पण शेअर्ड मेमरीही (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती) कॅशमध्येच धरली जाते आणि ती अशी सोडता येत नाही, त्यामुळे अंदाज चुकायचा.

स्वॅप (रॅममधला मजकूर हलवायला डिस्कवर राखलेली जागा) थोडी भरलेली असली तर घाबरू नका. 'व्हीएमस्टॅट १' (vmstat 1) ही कमांड लावून 'एसआय' (si, स्वॅपमधून रॅममध्ये) आणि 'एसओ' (so, रॅममधून स्वॅपमध्ये) हे दोन रकाने मिनिटभर बघा. तिथे सतत मोठे आकडे पळत असतील तर रॅम खरंच कमी पडतेय.

प्रत्येक प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) 'आरएसएस', म्हणजे तिने रॅममध्ये व्यापलेल्या जागेचा आकडा, घेऊन बेरीज करत बसू नका, कृपया! सामायिक लायब्ररी त्यात पुन्हापुन्हा मोजल्या जातात. 'पीएसएस' हा दुसरा आकडा त्या वापरणाऱ्या प्रोसेसमध्ये त्यांची वाटणी करून दाखवतो.

विंडोजवर मेमरीचा वापर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये दिसतं, ग्राफिक्स कार्डची मेमरीसुद्धा. मॅकवर 'मेमरी प्रेशर'चा (मेमरीवरच्या ताणाचा) आलेख पुरेसा आहे.