तोदोरोव्हचा पाचवा टप्पा ट्रेलरमध्ये घालू नकोस

बंद पडलेल्या दवाखान्यात रात्र काढणाऱ्या चार मैत्रिणी, दोन मिनिटांचा हॉरर ट्रेलर, आणि गाइड म्हणतात की तोदोरोव्हचे पाचही टप्पे त्यात दिसलेच पाहिजेत. तुझी ही पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. (कॉलेजात आहेस म्हणून 'तू' म्हणते, राग नसावा.) तोदोरोव्ह, प्रॉप, बार्थ हे गोष्टीची रचना उलगडून दाखवणारे अभ्यासक, हे वर्गात झालं असेलच, त्यात वेळ घालवत नाही.

आमच्या डिप्लोमाला एक प्रोजेक्ट समिती होती. तिची सही असल्याशिवाय कॅमेराच काय, ट्रायपॉडसुद्धा हातात पडायचा नाही. समितीचा एक तक्ता होता, डावीकडे तोदोरोव्हने सांगितलेला गोष्टीचा टप्पा, उजवीकडे तो ट्रेलरमध्ये कितव्या सेकंदाला येतो ते. समतोल, बिघाड, बिघाडाची जाणीव, तो निस्तरण्याची धडपड, नवा समतोल. पाचवा रकाना रिकामा म्हणून आमचा कागद परत आला. अहो, हा ट्रेलर आहे, यात शेवट दाखवायचा नसतो, हे परोपरीने सांगितलं. उत्तर एकच, "थिअरी पूर्ण दिसली पाहिजे." त्यात सही करणारे रजेवर, आणि शूटसाठी मिळालेला वाडा दुसऱ्या कार्यासाठी द्यायचा होता. शेवटी नायिकेच्या फोटोला हार घातलेला शॉट टाकला तेव्हा कुठे सही मिळाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ट्रेलर संपल्यावर एवढंच विचारलं, "आता सिनेमा कशाला बघायचा?" मार्क तिथेच गेले. समितीतलं कोणी तेव्हा तोंड उघडेल तर शपथ! असो.

तर माझं मत. ट्रेलर दुसऱ्या टप्प्यावर उभा करायचा आणि तिसऱ्याच्या तोंडाशी सोडून द्यायचा. चौथ्यातल्या धडपडीचे तुकडे मध्येच उलटसुलट पेरलेस तरी चालतात. पाचवा नाहीच. पहिला टप्पासुद्धा मैत्रिणी गाडीत गाणी म्हणतायत असल्या शॉट्सवर उधळू नकोस. आमच्या ट्रेलरमधला मला अजून आवडणारा शॉट म्हणजे वरून घेतलेली पंगत. पानं सात, माणसं सहा, आणि सातव्या पानातला भात कालवलेला. समतोल आणि बिघाड एकाच फ्रेममध्ये, संवाद शून्य.

गंमत अशी की हॉररला तोदोरोव्हचं जे खरं कामाचं आहे ते त्या तक्त्यात नसतंच. १९७० साली त्याने अद्भुत साहित्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की घडतंय तो भास आहे की खरंच काहीतरी आहे, या दोन्हींत वाचक घुटमळतो तोवरच अद्भुत टिकतं. कुठलंही एक उत्तर मिळालं की ते संपलं. तुझ्या ट्रेलरने हे घुटमळणं दोन मिनिटं टिकवलं तरी पुष्कळ झालं. म्हणून भुताचा चेहरा दाखवू नकोस. मेकअपवर कितीही खर्च झालेला असो.

प्रॉपने परीकथांतून काढलेले ३१ प्रसंग आणि ७ भूमिका चार मैत्रिणींना वाटत बसू नकोस. 'ही मदतनीस, ही पाठवणारी' असं केलं की सगळं शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं दिसतं. त्याचे दुसरा आणि तिसरा हे दोनच प्रसंग उचल, मनाई आणि मनाई मोडणं. आपल्याकडे मनाईंना काय तोटा? तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नकोस, मागून हाक आली तर वळून बघू नकोस. कुणीतरी एकदा बजावायचं आणि पुढच्याच कटला ते मोडलेलं दिसायचं.

गोष्ट वाचकाला कशी धरून ठेवते याचे बार्थने पाच संकेत सांगितले, त्यांपैकी एडिटिंगला दोन लागतात, कोड्याचा (उत्तर लांबवायचं) आणि कृतीचा (आता पुढे काय होणार, असं वाटायला लावायचं). कडीवर हात गेला, कट. दार उघडलेलं दाखवायचं नाही. हिचकॉकच्या 'सायको'चा १९६० चा ट्रेलर बघ. सहा मिनिटांहून मोठा आहे, त्यात तो स्वतः मोटेल आणि घर फिरून दाखवतो आणि नेमकं सांगायच्या वेळी वाक्य अर्धवट सोडतो. शेवटी शॉवरच्या पडद्यामागे किंचाळते ती सिनेमात शॉवरमध्ये मारली जाणारी जेनेट लीसुद्धा नाही, व्हेरा माइल्स आहे! मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉसची द्वंद्वं, म्हणजे चांगलं-वाईट अशा विरोधी जोड्या, रिपोर्टात एका परिच्छेदात उरकली तरी भागतं.

आता गाइडचं काय करायचं? मी एडिटर आहे, प्राध्यापक नाही, आणि प्रत्येक विद्यापीठाची गुणपद्धत वेगळी, तेव्हा आधी ती नीट वाच. त्यात 'पाचही टप्पे ट्रेलरमध्ये' असं छापलेलं नसेल तर पूर्ण सिनेमाचा सारांश पाचही टप्प्यांसह रिपोर्टाला जोड, आणि नवा समतोल ट्रेलरमधून मुद्दाम का वगळला हे चार ओळींत लिही. गाइडचा होकार ईमेलवर घे. तोंडी होकाराला नंतर कोणी वाली नसतो.

आणखी एक, विषय निघालाच आहे म्हणून. दवाखान्यात शूट करताना कोणालाही बोलू न देता दोन-तीन मिनिटं नुसता तिथला आवाज रेकॉर्ड कर. रातकिडे प्रत्येक क्लिपमध्ये वेगळे ओरडतात आणि कट केला की जोड लगेच कळतो. हा आवाज खाली सलग अंथरायचा. आणि जागेची परवानगी मालकाकडून किंवा ग्रामपंचायतीकडून लेखी हवी, वॉचमनने मान डोलावली म्हणून ट्रायपॉड लावू नकोस. स्टोरीबोर्ड झाला की इथेच टाक, बघते.